आबांची दुनळी

खंडेनवमीला आमच्या ऑफिसात दरवर्षी तोच विनोद होतो. ऍडमिनवाले सर्व्हर रूमच्या दाराला झेंडूचं तोरण लावतात, कुणीतरी उत्साहाने लॅपटॉपवर हळदकुंकू वाहतं (ते की-बोर्डमधून दिवाळीपर्यंत निघत नाही) आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "आपली शस्त्रं हीच बाबा!" मीही म्हटलंय. यंदा मात्र मी खंडेनवमीला गावी होतो आणि पाटावर विळा, कुऱ्हाड आणि फवारणीच्या पंपाशेजारी खरंखुरं शस्त्र होतं. आबांची बाराबोअरची दुनळी बंदूक.

गाव यवतमाळ जिल्ह्यात. कापूस, तूर, सोयाबीन. आबा, म्हणजे माझे आजोबा, जूनमध्ये गेले. वय ८४. त्यांच्याशिवायचा हा पहिला दसरा, म्हणून पुण्याहून ट्रॅव्हल्समध्ये चौदा तास अंग आंबवून मी गेलो होतो. पूजा माझ्या चुलतभावाने, गोलूने, केली. दाराच्या मागच्या खिळ्यावरची किल्ली काढली, कपाट उघडलं, बंदूक काढली, फडक्याने पुसली, पाटावर ठेवली. लहानपणापासून दर वर्षी हे बघितलेलं, त्यामुळे त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट डोळ्यांत पाणी आलं. आबांच्या वस्तूंपैकी तेवढीच एक वस्तू अजून आबांसारखी दिसत होती.

जेवणं झाल्यावर गोलू हळूच विषयावर आला.

"दादा, हे बंदूक तुह्या नावावर करून घे नं."

"माझ्या? का?"

"माह्यावर तं ते रास्ता रोकोची केस हाय. तुह्यावर काही नाही. पासपोर्ट हाय, इंजिनियर हाय. साहेब लोक डोळे मिटून सही करतीन."

"आणि बंदूक राहणार कुठे?"

"इथंच नं! पुण्यात काय करशील तू तिचं? हिंजवडीत काय डुकरं येते काय?" :)

खोटं कशाला सांगू, मला कल्पना आवडली होती. आपल्या नावावर बंदूक! ऑफिसात कॉफी मशीनपाशी सहज सांगायला बरं. शिवाय 'घरातली बंदूक घरात राहिली पाहिजे' हे वाक्य आत्यापासून शेजारच्या पाटलांपर्यंत सगळ्यांनी ऐकवून झालं होतं. आमच्याकडे बंदूक म्हणजे घराचा मान. १९७८ साली आबांना परवाना मिळाला तेव्हा गावात पेढे वाटले होते म्हणे. मी 'बघतो' म्हणालो. आणि इंजिनियर माणूस 'बघतो' म्हणाला की तो खरंच बघत बसतो. त्या रात्री अंगणात खाटेवर पडून, मोबाईलच्या उजेडात, मी आख्खा शस्त्र कायदा वाचून काढला.

आता थोडं कायद्याचं. कंटाळा करू नका, पुढे लागणार आहे.

आपला सध्याचा शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या आधीचा १८७८ चा, म्हणजे लॉर्ड लिटनच्या काळातला. त्यात हिंदी माणसाला परवाना लागायचा आणि युरोपियन माणसाला सूट होती. साहजिकच तो कायदा आपल्या लोकांना अपमान वाटायचा. इतका की १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. मग स्वातंत्र्य आलं, घटना समिती बसली, आणि डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णू कामत यांनी तोच हक्क घटनेत घालायची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. हक्क म्हणून एकदा लिहून ठेवला की ज्यांच्या हातात शस्त्र जाऊ नये तेही तो मागायला येतील, असा त्यांचा रोख होता. दुरुस्ती फेटाळली गेली. म्हणजे अमेरिकेसारखा शस्त्राचा घटनादत्त हक्क आपल्याकडे अनवधानाने राहून गेलेला नाही. चर्चा करून, विचार करून तो बाहेर ठेवलाय. हे मला माहीतच नव्हतं. शाळेत नागरिकशास्त्र २० मार्कांचं असल्याचे परिणाम!

तर आपल्याकडे बंदूक हा परवान्याचा मामला. वय किमान २१. पोलिसांचा अहवाल. २०१६ च्या नियमांनी त्यात सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र आणलं. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं केलं (सरकारने आधी एकच म्हटलं होतं, मग दोनवर आलं), आणि परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच वर्षं केली. लग्नात-वरातीत हौस म्हणून गोळ्या झाडून लोकांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, हेही तेव्हाच आलं. एक कलम मला फार आवडलं: अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. म्हणजे कागदावर तरी बंदूक ही पाटील-देशमुखांची मिरास नाही.

वारसाचीही सोय आहे. परवानाधारक वारला, किंवा तो सत्तरीला पोचला, किंवा त्याने पंचवीस वर्षं बंदूक सांभाळली, तर ती वारसाच्या नावावर करता येते. वारसाने अर्थात सगळ्या चाळण्यांतून जायचं. पण तोपर्यंत? परवाना माणसाचा असतो, घराचा नाही. माणूस गेला की बंदूक विनाविलंब पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. थोडक्यात, जूनपासून आमच्या कपाटात जी होती ती बेकायदा बंदूक होती, आणि सकाळी आम्ही सगळ्यांनी तिला मनोभावे कुंकू लावलं होतं. च्यायला!

आणि गोलूचा प्लॅन, म्हणजे परवाना पुण्यात माझ्या नावावर आणि बंदूक यवतमाळला त्याच्या हातात, तो तर त्याहून वाईट. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला एका माजी नगरसेवकाची भर लाइव्हमध्ये हत्या झाली, ते तुम्हाला आठवत असेल. मारणाऱ्याच्या नावावर ते पिस्तुल नव्हतं. ते त्याच्या अंगरक्षकाचं होतं आणि त्याचा परवाना उत्तर प्रदेशातला, असं तपासात पुढे आलं. त्याच्या आठवडाभर आधी उल्हासनगरला पोलिस ठाण्याच्या आत, अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये, एका आमदाराने परवान्याच्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्याचा गुन्हा दाखल झाला होता. एकीकडे परवाना एकाचा आणि बोट दुसऱ्याचं. दुसरीकडे माणूस तोच, पण परवाना घेतला त्या दिवशी तो असा नव्हता.

आता कुणी म्हणेल, अरे बाबा, खरा प्रश्न गावठी कट्ट्यांचा आहे, परवान्यांचं काय घेऊन बसलास? बरोबर आहे. स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेने २०१७ साठी केलेल्या अंदाजात भारतात सामान्य लोकांकडे साधारण ७ कोटी ११ लाख बंदुका होत्या आणि त्यातल्या नोंदणीकृत जेमतेम ९७ लाख. बाकीच्यांचा परवान्याशी संबंधच नाही. गुंडाला परवाना लागत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो पोलिसांचा प्रश्न आहे आणि मोठा आहे. पण माझ्यासमोरचा प्रश्न गुंडाचा नव्हता. माझ्यासमोर एक चांगलं घर होतं, चांगली माणसं होती आणि खिळ्यावर एक किल्ली होती.

दुसऱ्या दिवशी परवान्याचं पुस्तक शोधायला मी आबांची ट्रंक उघडली. आबा कागदांच्या बाबतीत आमच्या ऑडिटवाल्यांपेक्षा कडक. वीजबिलं, सातबारे, सोसायटीच्या पावत्या, सगळं सुतळीने वर्षावार बांधलेलं. परवान्यावर तीन-तीन वर्षांनी नूतनीकरणाचे शिक्के. त्याच्या मागे टाचणीने लावलेल्या जमापावत्या. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायची पद्धत होती, त्याच्या. १९८५, १९९०, १९९५... ठाण्याचा गोल शिक्का, हवालदाराची सही. २००४ च्या दोन, लोकसभेची एक आणि विधानसभेची एक.

आणि मग एक वेगळ्याच कागदाची. गुलाबी. ठाण्याची नव्हेच. अमरावतीच्या एका बंदूकविक्रेत्याची. 'सेफ कस्टडी', महिन्याचं भाडं, तारीख ऑगस्ट २००६. परत नेल्याची नोंद मे २००८.

मी थांबलो. कारण २००६ मला आठवत होतं. मी नऊ वर्षांचा होतो. त्या वर्षी खंडेनवमीला पाटावर बंदूक नव्हती. टिळा लावायचा मान माझा होता आणि बंदूकच नाही म्हणून मी भोकाड पसरलं होतं. आबांनी मला उचलून घेतलं होतं आणि म्हणाले होते, "इलेक्शन हाय बापू. ठाण्यात जमा केली."

ऑगस्ट २००६ मध्ये कुठली निवडणूक? लोकसभा आणि विधानसभा दोन्ही २००४ ला होऊन गेलेल्या. जिल्हा परिषदा २००७ च्या सुरुवातीला. निवडणुकीसाठी कुणी दोन वर्षं बंदूक जमा ठेवत नाही, आणि ठाणं गावापासून सहा किलोमीटरवर असताना भाडं भरून अमरावतीला तर नाहीच नाही. आबा आयुष्यात माझ्याशी एकदाच खोटं बोलले असतील. ते हे.

काकू मागच्या पडवीत लसूण सोलत बसली होती. मी पावती तिच्यासमोर धरली. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण रंग तिने ओळखला. बराच वेळ काही बोलली नाही.

"तवा तुह्या काकाले झोप नोती येत," ती म्हणाली. "दोन वर्स कापूस गेला होता. सोसायटीचं कर्ज, सावकाराचं येगळं. रातभर अंगणात बसून राहेत. कदी कदी मधल्या खोलीत, कपाटाकडे पाहत. मी मामाजीले म्हटलं, ते कपाट मले चांगलं नाही दिसून राह्यलं. एवढंच म्हटलं. दुसरं बोलायची सोय नोती. मामाजी काहीच नाही बोलले. दुसऱ्या दिवशी पहाटच्या एस्टीनं गेले, पोत्यात गुंडाळून."

"आणि इलेक्शन?"

"ते तं लोकायसाठी. अन् तुह्या काकासाठीबी. माणसाले असं थोडी सांगता येते बापू, का तुह्यावर भरवसा नाही म्हणून?"

२००६ चा विदर्भ ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. त्या वर्षीच्या जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंगांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं होतं आणि त्या सहांत यवतमाळ होताच. आमच्या वर्गातल्या दोन मुलांचे वडील त्या वर्षी गेले. मोठी माणसं आमच्यासमोर विषय बदलायची, एवढंच आम्हाला कळायचं. काका त्या यादीत असू शकले असते हे मला ऑक्टोबर २०२५ मध्ये, लसणाच्या सालींसमोर बसून कळलं. काका, ज्यांनी मला पोहायला शिकवलं. जे आजही फोनवर आधी 'जेवला का' विचारतात आणि मग बाकी.

मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो. आणि मला, कुठून कुठे बघा, माझ्या ऑफिसातली एक रात्र आठवली.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. रिलीजची रात्र, पहाटेचे अडीच. मी सलग एकोणीस तास जागा. टेस्ट सर्व्हर समजून मी एक कमांड चालवली, आणि तो टेस्ट सर्व्हर नव्हता. क्लायंटच्या ऑर्डर्सचं आख्खं टेबल साफ. बॅकअप होता म्हणून नोकरी राहिली. पुढच्या आठवड्यात प्रॉडक्शनचा थेट ऍक्सेस काढून घेतला. नुसता माझा नाही, सगळ्यांचा. आमच्या मॅनेजरचासुद्धा. आता काम असेल तेव्हा मागायचा, चार तासांसाठी मिळतो, दुसऱ्या कुणीतरी मंजूर करायचा, मग आपोआप बंद. आणि दर तीन महिन्यांनी यादी तपासायची, कुणाकडे काय उरलंय. पहिले दोन दिवस मी चिडलो होतो, 'माझ्यावर विश्वास नाही का?' मग लक्षात आलं, विश्वासाचा प्रश्नच नाहीये. मी दुपारी अडीचला उत्तम इंजिनियर आहे. प्रश्न पहाटे अडीचचा आहे. आणि सगळ्यांचाच ऍक्सेस गेल्यामुळे मला मान खाली घालावी लागली नाही. माझा एकट्याचा काढला असता तर मी बहुधा राजीनामा दिला असता.

आबांनी नेमकं हेच केलं होतं. फक्त त्यांच्याकडे नियम नव्हता, म्हणून त्यांनी एका नियमाचं पांघरूण घेतलं. 'इलेक्शन हाय' याचा अर्थ 'सगळ्यांचीच जमा होते.' त्यात कुणाच्या अब्रूचा प्रश्न येत नाही. काकांना कळलं असेल का? मला वाटतं, कळलंच असणार. इलेक्शन नाही हे त्यांनाही ठाऊक होतंच की. पण आबांनी त्यांना न कळल्यासारखं वागायची सोय करून दिली होती, आणि त्या सोयीवर ते जगले.

आपल्याकडे बंदूक कुणाकडे असावी यावर बोलताना आपण फार लवकर चारित्र्याकडे वळतो, हे मला तेव्हापासून जाणवतंय. चांगल्या माणसाकडे असावी, वाईटाकडे नसावी. कायद्याची रचनाही बरीचशी तशीच. अर्ज करतेवेळी कसून चौकशी, आणि एकदा मिळाला की पाच वर्षं कुणी ढुंकून बघत नाही. त्यामुळे परवाना हे चांगुलपणाचं, किंवा वजनाचं, सर्टिफिकेट बनतं. डिसेंबर २०२४ मधल्या मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने असल्याची चर्चा झाली, २०२५ च्या सुरुवातीला प्रशासनाने त्यातले शंभराहून जास्त रद्द केले. इतक्या लोकांच्या जिवाला रोज धोका होता? की कमरेला दिसावी म्हणून घेतलेली? आणि एकदा बंदूक म्हणजे मान ठरली की ती काढून घेणं म्हणजे अपमान. मग घरातली बाई 'कपाट चांगलं दिसत नाही' यापलीकडे काय बोलणार?

आमच्या टीममध्ये कोडगूचा एक मित्र आहे. कोडवांना शस्त्र कायद्यातून पूर्वापार सूट आहे. केंद्राने २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली. सप्टेंबरात त्यांचा कैलपोळ्ढ नावाचा सण असतो, त्यात बंदुकीची पूजा करतात आणि नळीत कळलावीचं फूल खोचतात. त्याच्याशी बोलताना मी एकदम म्हणालो, "मग तुमच्याकडे काही लागतच नाही?" तो म्हणाला, "परवान्यातून सूट आहे. घरातल्या म्हाताऱ्यातून नाही." गंमत वाटली. आमच्याकडेही होताच की एक म्हातारा.

पण प्रत्येक घरात आबा नसतात. अमेरिकेत, जिथे त्याच सर्व्हेच्या अंदाजाप्रमाणे दर शंभर माणसांमागे १२० बंदुका आहेत, तिथे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. आपल्याला बातम्यांत शाळेतले गोळीबार दिसतात, हे दिसत नाही. तिथल्या वीसहून अधिक राज्यांत आता 'रेड फ्लॅग' कायदे आहेत. पहिला कनेटिकटचा, १९९९ चा. माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठेल अशी लक्षणं असतील तर पोलिस, आणि बऱ्याच राज्यांत घरचे लोकही, कोर्टात जातात. कोर्ट ठराविक मुदतीसाठी बंदूक काढून घेतं. मुदत संपली, माणूस सावरला की परत. खटला नाही, शिक्षा नाही. माझ्या काकूच्या एका वाक्याला तिथे कायद्याने कान दिलाय.

आपल्याकडेही परवाना निलंबित करायची तरतूद आहे, नाही असं नाही. सतराव्या कलमात आहे. पण त्यासाठी नवऱ्याविरुद्ध कलेक्टरकडे जाणारी काकू मला तरी दिसत नाही. निवडणुकीची सरसकट जमा हे खेड्यातल्या घरांना मिळालेलं एक बरं निमित्त होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००९ च्या एका निकालानंतर तेही बदललं. सगळ्यांना सरसकट जमा करायला लावू नका, छाननी समितीने एकेकाचं बघून ठरवावं, अशा अर्थाचं धोरण आलं. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे, निष्कारण कुणाची बंदूक का घ्यायची? पण आता ज्याची जमा होते त्याच्याकडे गाव बघतं. 'याचं का घेतलं असेल?' आबांना आज ते निमित्त सापडलं नसतं.

मला काय हवंय विचाराल, तर फार काही नाही. नूतनीकरणाच्या वेळी नुसता शिक्का न मारता बंदूक, कपाट आणि घर बघायला कुणीतरी यावं. किल्ली खिळ्यावर आहे का, एवढं तरी. आणि कुठल्याही घराला, कारण न सांगता, ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे काही महिने बंदूक ठेवता यावी, गाजावाजा न होता. 'सगळेच ठेवतात अधूनमधून' इतकी ती गोष्ट साधी व्हावी. चष्म्याचा नंबर तपासण्याइतकी.

असो. पुढे काय झालं ते सांगतो.

गोलूला मी 'नाही' म्हटलं. कारण अर्थातच कायद्याचं सांगितलं, गुलाबी पावतीचं नाही. तो वैतागला. "अन् डुकरं काय तुही आरती करतीन काय?" त्याचा प्रश्न खरा आहे. रानडुकरं एका रात्रीत एकरभर तूर लोळवतात. पण बंदूक असली तरी डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते, वन्यजीव कायदा १९७२ चा आहे, आणि आबांनीही गेली दहा वर्षं सुतळी बॉम्बच वाजवले होते. शेवटी नाल्याकडच्या चार एकरांना सौर कुंपण घालायचं ठरलं, निम्मे पैसे माझे. बोनस येणार होता, त्यातून. (फोन बदलायचा होता. राहिला.)

बाबा, आत्या आणि काका, तिघे वारस. बंदूक ठाण्यात जमा करायची आणि पुढे रीतसर विक्रेत्यामार्फत विकून टाकायची, यावर बाबा लगेच तयार झाले. आत्या थोडी रडली. काका काय म्हणतील याची मला धास्ती होती. ते काहीच म्हणाले नाहीत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच किल्ली काढली, बंदूक उघडून दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून रिकाम्या असल्याची खात्री केली, जुन्या धोतरात गुंडाळली आणि माझ्याबरोबर ठाण्यात आले. चार महिने उशीर झाल्याबद्दल ठाणे अंमलदाराने आम्हाला पंधरा मिनिटं झापलं. आम्ही ऐकून घेतलं. चूक आमचीच होती. मग पंचनामा, नंबर, सह्या, पावती.

बाहेर येऊन टपरीवर चहा घेतला. काकांनी पावती चार घड्या करून खिशात ठेवली, बशीत चहा ओतला आणि रस्त्याकडे बघत म्हणाले,

"आबानं एकदा अशीच जमा केली होती. इलेक्शन होतं तवा."

"हो," मी म्हणालो. "आठवते मला. मी रडलो होतो."

"मीबी," काका म्हणाले आणि चहा प्यायला लागले.